सोमवारची इस्त्री

मंगळवार, ३ फेब्रुवारी १९९८

आणखी एक! सकाळी पोस्टमनने दारात पुडकं आदळलं. उघडलं तर पुन्हा तेच. जुन्या गाजलेल्या कादंबरीतलं कोपऱ्यातलं एखादं माणूस उचलायचं, त्याच्या हातात भिंग द्यायचं आणि खून शोधायला धाडायचं. गेल्या वर्षी बग्गी हाकणारा होता. त्याच्या आदल्या वर्षी कुणाची तरी बहिरी मावशी. ठार बहिरी – आणि दाराआडचं बोलणं ऐकून खुनी पकडते! मी समासात चिठ्ठी डकवली होती : 'पृष्ठ ११२ – मावशीला ऐकू येत नाही ना?' लेखक महाशयांनी ते तसंच ठेवलं. चाळीस हजार प्रती खपल्या म्हणे.

या खेपेला धोबीण आहे. 'ब्लेकरिग'मधली. ती कादंबरी शाळेत आम्हा सगळ्यांच्या घशात कोंबलेली होती. जमीनदार गिरणीच्या तळ्यात बुडून मरतो आणि त्याची विधवा तीनशे पानं रडते. धोबिणीच्या वाट्याला त्यात एकच वाक्य आहे – तिने एप्रनने डोळे पुसले. संपलं. तेवढ्यावर टॅम्सिन ओल्डरॉइड नावाच्या बयेने साडेचारशे पानं पाडली आहेत! धोबिणीचं नाव ठेवलंय मर्सी. सोबत बाईंचा फोटो. काजळ घातलेले डोळे, हनुवटीखाली मूठ. विचार करतेय असं दाखवायचं असेल.

अर्पणपत्रिका – 'ने. ल. यांना'. असेल कुणी नेड नाहीतर नेव्हिल. याही बाईचा नवरा टिकलेला दिसत नाही.

लंडनहून प्रकाशनातल्या ज्युलियनची टीप : 'शेवटची पाच प्रकरणं मागाहून. शेवट गुपित ठेवायचा आहे.' म्हणजे मी स्किप्टनच्या बाजारात उभी राहून खुन्याचं नाव ओरडणार होते की काय? एकतीस वर्षं लोकांची लिखाणं तपासतेय. एक तक्रार नाही.


गुरुवार, ५ फेब्रुवारी

चार प्रकरणं झाली. एकवीस चिठ्ठ्या.

या बयेने आयुष्यात इस्त्री हातात धरलेली नाही. विजेची धरली असेल, प्लास्टिकच्या मुठीची. तिची मर्सी एका हाताने इस्त्री फिरवते आणि दुसऱ्या हाताने पत्र वाचते! त्या काळची इस्त्री म्हणजे सात-आठ पौंडांचा लोखंडाचा ठोकळा. चुलीवर तापवायचा, जाड फडक्याने धरायचा, तापला की नाही ते थुंकीचा थेंब टाकून बघायचं. एक हातात, एक चुलीवर. पत्र वाचतेय!

मला कुणी शिकवू नये. मी धोबिणीची मुलगी आहे. आई चौदाव्या वर्षी थॉर्नकिल हाऊसमध्ये धुण्याच्या खोलीत कामाला लागली आणि लग्न होईपर्यंत तिथेच होती. लहानपणी मी ताप आला की तिच्याकडे तीच गोष्ट मागायची. छत्तीस सालचा ऑक्टोबर, सोमवारची सकाळ, आई इस्त्री करतेय आणि वर धाडकन आवाज. मालकिणीचा भाऊ, तो कॅप्टन, मागच्या जिन्यावरून खाली कोसळला. मान मोडली. आई दचकली, इस्त्री मनगटाला लागली. डाव्या मनगटाच्या आतल्या अंगाला सहा पेनीच्या नाण्याएवढा गोल डाग होता तिला. मी त्यावर बोट ठेवायची आणि ती म्हणायची, "आता दुखत नाही गं." माणूस बरा नव्हता, एवढंच ती त्याच्याबद्दल बोलायची. आणि त्याच्या शर्टांबद्दल – सिगारच्या ठिणग्यांनी कफांना भोकं पाडून ठेवायचा.

चौकशीत आईची साक्ष झाली. एकोणीस वर्षांची पोर! न्यायाधीश म्हणाले, 'सरळ, सच्च्या मुलीची साक्ष.' पेपरात छापून आलं होतं. ते कात्रण माझ्याकडे चहाच्या डब्यात आहे.

अशी माणसं मी पाहिली आहेत. आणि ही फोटोवाली मला धोबीण दाखवणार!


शुक्रवार, ६ फेब्रुवारी

पृष्ठ ९७. मर्सी 'मनातल्या मनात कोलमडली'. कोलमडू दे.


मंगळवार, १० फेब्रुवारी

ज्युलियनचा फोन. वय सत्तावीस असेल, पण बोलतो असा की मीच त्याच्याकडे उमेदवारी करतेय.

"हिल्डा, चिठ्ठ्या जरा जास्त होतायत."

"चुका जास्त आहेत."

"पहिल्या चार प्रकरणांच्या चिठ्ठ्यांची यादी तुम्ही पाठवलीत, ती लेखिकेला दाखवली मी. रडकुंडीला आली हो बिचारी."

"मर्सीच्या एप्रनने डोळे पुसायला सांगा."

हसला नाही. या मुलांना हसायचे पगार मिळत नसावेत. मग म्हणाला, आता वेळ नाही, सुधारलेली पानं लेखिकेकडे परत जाणार नाहीत, माझ्याकडून सरळ छापखान्यात जुळणीला जातील. बाई परदेशी निघाल्यात, व्याख्यानं आहेत. "किरकोळ असेल ते तुम्हीच सुधारून टाका. तुमच्यावर विश्वास आहे."

विश्वास! एकतीस वर्षांनी मला प्रशस्तिपत्र मिळालं. पण लेखकाला विचारल्याशिवाय अर्थाला हात लावायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. स्वल्पविराम आपला, अर्थ त्याचा. ज्युलियनला हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.


शनिवार, १४ फेब्रुवारी

शेजारची बर्था डिन्सडेल आल्याचा केक घेऊन आली. केक निमित्त. तिला पुडक्यात डोकवायचं असतं. असल्या कादंबऱ्या ती शेंगदाण्यासारख्या खाते. वाचनालयाच्या त्या एका फळीवर तिचा संसार आहे. गुपित-बिपित मी पाळते, पण तिसरं प्रकरण वाचून दाखवलं. म्हटलं, बघ काय लायकीचं लिहितात. त्यात हवालदार मर्सीला विचारतो, मालक तळ्यात पडले तेव्हा तू कुठे होतीस? ती म्हणते, "सोमवार ना साहेब? मी इस्त्री करत होते."

मी कागद टेबलावर आपटले. "ऐकलंस? सोमवारी इस्त्री!"

"मग?"

"मग काय, बर्था! सोमवार धुण्याचा. भल्या पहाटे तांब्याच्या हंड्याखाली जाळ करायचा, चादरी उकळायच्या, घासायच्या, पिळायच्या, वाळत घालायच्या. खोलीभर वाफ. इस्त्रीचं टेबल मळक्या कपड्यांखाली गाडलेलं असतं. इस्त्री मंगळवारी! तुझी आजीसुद्धा सांगेल."

"माझी आजी गेली पन्नास साली."

"तरी सांगेल."

बर्थाने केकचा तुकडा चहात बुडवला. "मला वाटतं, ती खोटं बोलतेय."

"कोण?"

"धोबीण. त्या बुडालेल्या मालकाला तिनेच ढकललंय."

मी इतकी हसले की ठसका लागला. म्हटलं, "अगं, ती नायिका आहे! तीच तर खुनी शोधतेय!"

"शोधतेय म्हणूनच तर," बर्था म्हणाली. "तू वाचत नाहीस गं हिल्डा, तू नुसत्या उवा काढतेस."

काय हे डोकं! लेखिकेला वार ठाऊक नाहीत इतकी साधी गोष्ट, आणि ही त्यात कट शोधते. वाचनालयाने ती फळी जाळून टाकावी. केक मात्र बरा होता. उरलेला ती नेऊ लागली, तो मी ठेवून घेतला.


सोमवार, १६ फेब्रुवारी

चोविसावं प्रकरण संपलं. सोमवार-इस्त्री एकूण सात ठिकाणी आहे. सात! प्रत्येक वेळी मर्सी तेच सांगते – हवालदाराला, पाद्र्याला, विधवेला. जणू पाठ केलंय. आणि साडेतीनशे पानांत एकाही शहाण्याला खटकत नाही. खटकणार कसं? जिने लिहिलं तिलाच माहीत नाही.

याची चिठ्ठी शेवटी एकदमच लिहायची म्हणून ठेवली होती, ती लिहायला घेतली. मग वाटलं, कशाला? कुणाला पाठवायची? बाई परदेशात, ज्युलियनला चिठ्ठ्यांची ॲलर्जी. विचारून तरी काय उत्तर येणार – 'अय्या, खरंच का?' म्हणून सरळ सुधारलं. अपघात मंगळवारी नेला. सातही ठिकाणी सोमवार खोडून मंगळवार. रविवारच्या प्रार्थनेनंतर 'दुसऱ्या दिवशी' होतं, ते 'तिसऱ्या दिवशी' केलं. अंगणात चादरी वाळत होत्या, त्या घड्या करून आत नेल्या. इतकं सफाईने केलंय की कुणाला शिवण दिसायची नाही.

इतकी वर्षं या बायकांबद्दल वाटेल ते लिहिलं जातंय. एका धोबिणीचा आठवडा तरी मी जागेवर ठेवला. आई असती तर खूश झाली असती.


मंगळवार, १७ फेब्रुवारी

पुडकं रवाना. पोस्टात रांग.


गुरुवार, १२ मार्च

शेवटची पाच प्रकरणं आली.

सत्ताविसाव्या प्रकरणात पाद्री मरायला टेकलाय आणि मर्सी त्याच्या उशाशी बसलीय. तिच्याबरोबर तोही शोधत होता, पण त्याला खुनी सापडलेला नाही. ती म्हणते –

"सोमवारी कोण इस्त्री करतं, साहेब? सात वेळा सांगितलं मी. तुमच्या घरांत आयुष्यभर सोमवारी वाफ भरलेली असते, मंगळवारी इस्त्री होते, बुधवारी तुम्ही कडक कॉलर घालता. पण एकानेही विचारलं नाही की ही बाई खोटं बोलतेय का. कारण आम्ही कधी काय करतो ते तुम्ही बघतच नाही."

तीनदा वाचलं. मग कागद उलटे करून ठेवले आणि न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं.

तिला माहीत होतं. पहिल्या पानापासून माहीत होतं. सात वेळा तिने ते नाकासमोर ठेवलं, आणि मी – एकतीस वर्षं, एक तक्रार नाही – सातही वेळा खोडलं!


शुक्रवार, १३ मार्च

झोप नाही. सकाळपासून तीच आकडेमोड.

काही केलं नाही तर पुस्तक असंच छापलं जाईल. मर्सी म्हणेल 'सोमवारी कोण इस्त्री करतं?' आणि मागे तर सगळीकडे मंगळवार. वाचक म्हणतील, बाईचं डोकं फिरलंय. परीक्षणवाले फाडून खातील. दोष तिच्या माथी जाईल. माझं नाव पुस्तकात कुठेच नसतं.

सांगितलं तर माझं काम जाईल. ज्युलियन निमित्तच शोधतोय. त्यांना सगळं संगणकावर हवंय. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला दुसरं कोण विचारणार?

आणि दुसरा रस्ताही आहे, तो लिहायची लाज वाटते पण लिहिते. सत्ताविसाव्या प्रकरणातलं ते बोलणंही मी 'सुधारू' शकते. पाच-सहा ओळी. सफाईने. शिवण दिसायची नाही.


शनिवार, १४ मार्च

बर्था विचारायला आली, "शेवट आला का? कोण निघालं?"

म्हटलं, "माळी."

"माळी?" ती दारातूनच वळली. "मला वाटलं होतं, बाई जरा बऱ्या लिहीत असतील."

तिच्यापुढे खरं तोंडातून निघेना. त्या केकवाल्या बाईने दोन घोटांत ओळखलं ते मला चोवीस प्रकरणांत दिसलं नाही. मी कोण मोठी धोबिणींची कैवारी! मलाही तेच वाटलं की धोबीण आहे, म्हणजे खरंच बोलणार. तो पाद्री आणि मी एका माळेचे मणी.


सोमवार, १६ मार्च

नऊ वाजता फोन केला. उशीर केला असता तर धीर झाला नसता.

"ज्युलियन, मी लेखिकेला न विचारता अर्थ बदललाय. सात ठिकाणी, शिवाय त्याच्या अवतीभवती. तो पुराव्याचा धागाच होता. सगळं पूर्ववत करायला लागेल."

"पण जुळणी झालीय. छपाईची तारीख घेतलीय."

"म्हणूनच आज फोन केला."

"तुम्ही? तुम्ही असं केलंत?"

हे 'तुम्ही' त्याने ज्या आवाजात म्हटलं ना, त्यात पहिल्यांदा मला थोडा आदर ऐकू आला. आता काय उपयोग! खोडलेल्या शब्दांखाली टिंबं दिली की मूळचं कायम राहतं. ती टिंबं एकेका पानावर कुठे द्यायची ते फोनवर सांगितलं. तास गेला. शेवटी तो म्हणाला, "लेखिकेला कळवावं लागेल."

"मीच लिहिते तिला," म्हटलं. लिहिलं. चार ओळींत. सबबी नाहीत.


बुधवार, १८ मार्च

बर्थाला खरं सांगितलं. वाटलं होतं, गावभर मिरवेल. ती नुसती म्हणाली, "अगं, तू हुशार आहेस म्हणून चुकलीस." हा टोमणा होता की काय कळेना. तिच्या तोंडून दोन्ही सारखंच निघतं.


शुक्रवार, २७ मार्च

ज्युलियनचं पत्र. 'यापुढे हे काम कार्यालयातच करण्याचं ठरलं असून... आपल्या प्रदिर्घ सेवेबद्दल...' 'प्रदीर्घ' ऱ्हस्व काढलाय. लाल पेन्सिल आपोआप हातात आली. दुरुस्त केलं आणि चुलीत टाकलं.


शनिवार, ४ एप्रिल

टॅम्सिन ओल्डरॉइडचं पत्र आलं. शिव्या असतील म्हणून उभ्यानेच फोडलं. तसंच्या तसं उतरवते.

'प्रिय मिस लम, सांगितलंत त्याबद्दल आभार. पुस्तक बचावलं, आणि तुमच्यामुळेच बचावलं. पण तुमचं पत्र वाचून मी गोंधळले आहे. नव्वद सालच्या हिवाळ्यात तुम्ही स्किप्टनच्या वाचनालयात मोठ्या घरांतल्या धुण्याबद्दल बोलला होतात. तेव्हा मी तिथे खुर्च्या लावायचं काम करायची. पहिला अर्धा तास तुम्ही आठवड्याचा क्रम समजावलात. सोमवारी धुणं, मंगळवारी इस्त्री, हे कधी म्हणजे कधी बदलत नाही, असं टेबलावर हात आपटून म्हणालात. आणि शेवटी तुमच्या आईंची गोष्ट सांगितलीत, ते कात्रण वाचून दाखवलंत. सोमवारची सकाळ आणि हातात इस्त्री. मला वाटलं, तुम्ही मुद्दामच तशी मांडणी केली. ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं म्हणून. माझी सगळी कादंबरी त्या दहा मिनिटांतून आली. अर्पणपत्रिका तुमच्या आईंना, नेली लम यांनाच आहे. तुमची परवानगी आधी मागायला हवी होती. काम तुमच्याकडेच द्या असा हट्ट मी धरला होता, कारण वाटलं की तुम्ही पहिल्या पानावरच ओळखाल. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं का?'

चहाचा डबा काढला. कात्रण पिवळं पडलंय, पण अक्षरं स्वच्छ आहेत. 'सोमवारी सकाळी आपण इस्त्री करत होतो, असे साक्षीदार मुलीने सांगितले.' न्यायाधीशांनी मान डोलावली असेल. हवालदाराने लिहून घेतलं असेल. सगळे पुरुष. पण मी? बासष्ट वर्षांपूर्वीचं ते वाक्य मी शंभर वेळा वाचलंय, सभेत वाचलंय, मिरवलंय. परक्याच्या साडेचारशे पानांतला सोमवार मला खटकला. घरातला नाही खटकला.

दिवसभर काही खाल्लं नाही. राग येतोय आणि कुणाचा ते कळत नाही. माझाच असावा. आई इतकी वर्षं एकटीच ते सांभाळत बसली, आणि मी ताप आला की तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावायची!


रविवार, ५ एप्रिल

इस्त्रीचं टोक लागलं तर त्रिकोणी भाजतं. कड लागली तर रेघ उठते. माझ्या हातांवर दोन्ही आहेत. गोल डाग इस्त्रीने पडत नाही.

सिगारने पडतो.